भात निघाल्यावर भेंडी-काकडीला पाणी नेमकं किती द्यायचं? ठाणे जिल्ह्यासाठी मोजमापाची सगळी पद्धत

ठाणे जिल्ह्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मराठवाड्यातल्या कित्येक तालुक्यांच्या तिपटीहून जास्त. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यातली, मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यात एकट्या भातसाचा वाटा जवळजवळ निम्मा, आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मे आला की टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. हे मला दरवर्षी टोचतं. धरणाच्या पाण्याचं वाटप आपल्या हातात नाही, पण विहिरीतलं, ओढ्यातलं, शेततळ्यातलं जे काही पाणी आपल्या हातात आहे त्यातून किती पीक काढायचं हे मात्र आपण ठरवू शकतो, आणि त्यासाठी एकच गोष्ट लागते ती म्हणजे मोजणं.

मी कृषीविद्या शिकलेली, कल्याणला राहते आणि मुरबाड-शहापूर-अंबरनाथ पट्ट्यात शेतकऱ्यांबरोबर पाण्यावर काम करते. सगळीकडे मी विचारते की पाणी किती देता, आणि उत्तर ठरलेलं येतं, "लाईट असते तोवर मोटार चालू." किंवा "एक दिवसाआड दोन तास." दोन तासच का, तर शेजारी देतो म्हणून. पिकाला काल किती पाणी लागलं याचा त्या दोन तासांशी काही संबंधच नसतो. म्हणून ही सगळी पद्धत एका जागी लिहून काढतेय, भात कापून झाल्यावर भेंडी, काकडी, कलिंगड असं काही घेणाऱ्यांसाठी, आणि क्रम बदलू नका कारण पुढचं प्रत्येक काम मागच्या आकड्यावर उभं आहे.

पहिलं काम: पाणी मोजा, एरिया नंतर ठरवा

बहुतेक जण उलटं करतात, आधी अर्धा एकर लावतात आणि मार्चमध्ये विहीर तळाला गेली की अर्धं पीक सोडून देतात. बियाणं, खत, मजुरी सगळं गेलं पाण्यात, आणि ज्या अर्ध्या भागाला पाणी पुरलं असतं तोही अर्धवट भिजून वाया गेला.

विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा, मग ०.७८५ ने गुणा, झालं क्षेत्रफळ. ५ मीटर व्यासाची गोल विहीर असेल तर १९.६ चौरस मीटर. आता संध्याकाळी मोटार बंद केल्यावर पाण्याची पातळी बघा (दोरीला दगड बांधून गाठ मारली तरी चालतं), सकाळी परत बघा. रात्रीत अर्धा मीटर चढली तर १९.६ गुणिले ०.५ म्हणजे ९.८ घनमीटर, म्हणजे ९,८०० लिटर पाणी रात्रीत झिरपून आलं. हे डिसेंबरात एकदा करा, फेब्रुवारीत परत करा, आणि मागच्या वर्षी एप्रिलमध्ये विहीर कशी होती ते घरातल्या मोठ्यांना विचारा. प्लॅन करायचा तो शेवटच्या महिन्यातल्या पाण्यावर, डिसेंबरातल्या भरलेल्या विहिरीवर नाही. घरचं आणि गुरांचं पाणी आधी बाजूला काढा.

मोटारीचं पाणी मोजायला २०० लिटरचा ड्रम घ्या, पाइप त्यात सोडा, मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. तीन मिनिटांत भरला तर तासाला ४,००० लिटर. मोटारीवर काय एचपी लिहिलंय त्यावर जाऊ नका, विहीर खोल झाली की तीच मोटार कमी पाणी फेकते, त्यामुळे ही ड्रमची टेस्ट पण सीझनमध्ये दोनदा करावी लागते.

आणि एक, ओढा वाहता असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरून वनराई बंधारा घाला. गावातल्या दहा-बारा जणांचं एखाद्या दिवसाचं काम आहे आणि बाजूच्या विहिरींची पातळी त्याने टिकते. जानेवारीत आठवण येऊन उपयोग नाही, तोवर ओढ्याचं पाणी खाडीला गेलेलं असतं.

दुसरं काम: खाचराची माती हातात घ्या

भाताच्या खाचराची माती वेगळी वागते. चिखलणी करून करून साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर एक घट्ट थर झालेला असतो, पाणी त्याच्यावरच तुंबतं आणि मुळंही तिथेच अडतात. उलट भात काढल्यावर जमीन नुसती पडून राहिली तर भेगा पडतात, आणि अशा भेगाळलेल्या जमिनीत पाटाने पाणी सोडलं की ते भेगांतून सरळ खाली निघून जातं, वाफा भरायलाच निम्मा दिवस लागतो. म्हणून कापणी झाली की वाफसा असतानाच नांगरट करून ढेकळं फोडून घ्यायची, घट्ट थर मोडेल इतकं खोल जायचं, आणि गादीवाफे किंवा सऱ्या पाडून ठेवायच्या. वाल किंवा हरभरा घेणार असाल तर उरलेल्या ओलीवर तो निघतोच, त्याच्यासाठी एवढा खटाटोप नको.

पाणी द्यायची वेळ झाली की नाही हे मातीच सांगते. सरळगावच्या बाजूला एका काकांच्या भेंडीच्या प्लॉटवर गेले होते, पानं पिवळी, वाढ खुंटलेली, आणि काकांची तक्रार, "मॅडम, रोज पाणी देतोय तरी झाड हसत नाही." वरची माती कोरडी आणि पांढरी दिसत होती म्हणून ते रोज देत होते. खुरप्याने झाडाच्या बाजूला वीतभर खणलं, खालची माती मुठीत धरली आणि दाबली तर बोटांच्या फटीतून पाणी चकाकलं, हात उघडला तर तळव्यावर ओला डाग. मुळांना हवाच मिळत नव्हती. चार दिवस पाणी बंद ठेवायला सांगितलं तर काकांना पटेना, काकू म्हणाल्या की बंद ठेवूनच बघू. पुढच्या आठवड्यात नवीन पानं हिरवी निघाली.

तर मुठीची परीक्षा अशी: झाडापासून हाताच्या अंतरावर, १५ ते २० सेंटिमीटर खोलीवरची माती घ्या. दाबल्यावर पाणी सुटलं किंवा तळवा ओला झाला तर पाणी जास्त झालंय. घट्ट गोळा झाला आणि अंगठ्याने ढकलल्यावर मातीची पट्टी निघाली तर ओल बरोबर आहे, थांबा. गोळा होतो पण जरा बोट लावलं की फुटतो, तर आज पाणी द्या. गोळाच होत नाही तर उशीर झालाय. आठवड्यातून दोनदा, शेताच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांना करा, सवय लागली की दोन मिनिटांचं काम आहे.

आकड्यातच हवं असेल तर मध्यम काळ्या, चिकण असलेल्या मातीत एक मीटर खोलीला साधारण १५० ते १८० मिलिमीटर उपयोगाचं पाणी धरलं जातं. भाजीपाल्याची कामाची मुळं वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये, म्हणजे त्यांच्या वाट्याला ५० मिलिमीटरच्या आसपास. त्यातलं तिसरा हिस्सा संपलं की पीक ताण घ्यायला लागतं. म्हणून पाटाने देणाऱ्याला ऐन हंगामात तीन-चार दिवसांनी पाळी द्यावीच लागते आणि एकाच पाळीत दुप्पट पाणी सोडून आठवडाभर निवांत राहता येत नाही, जास्तीचं पाणी मुळांखाली उतरतं आणि जाताना युरियाही घेऊन जातं.

तिसरं काम: हवेने किती पाणी ओढलं ते बघा

या सगळ्याचा गाभा हाच आहे. झाड जे पाणी पितं त्यातलं बहुतेक सगळं पानांतून वाफ होऊन जातं, आणि किती जाणार हे ऊन, वारा, तापमान आणि हवेतली आर्द्रता ठरवते. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ मध्ये या चार गोष्टींवरून बाष्पीभवन काढायचं सूत्र मांडलं, पुढे जॉन माँटिथ यांनी १९६५ मध्ये त्यात पानांचा हिशोब घातला, आणि १९९८ मध्ये एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने, ते जगभरासाठी एकसारखं करून ५६ नंबरच्या पुस्तिकेत छापलं. आज जगात कुठेही पाण्याचं वेळापत्रक करायचं तर त्याचाच आधार घेतात. त्यातून जो आकडा निघतो त्याला आम्ही ईटीओ म्हणतो, म्हणजे नीट पाणी असलेल्या एकसारख्या हिरव्या गवतातून दिवसाला किती मिलिमीटर पाणी उडेल.

तुम्हाला सूत्र सोडवायची गरज नाही. आपल्या भागात मुरबाड-शहापूरच्या तापमानावरून हिशोब केला तर डिसेंबर-जानेवारीत दिवसाला साधारण ४ मिलिमीटर, फेब्रुवारीत साडेचार ते पाच, मार्चमध्ये साडेपाच, एप्रिल-मेमध्ये सहाच्या वर असं धरून चाला. डिसेंबर आणि एप्रिलमध्ये दीडपटीचा फरक पडला बघा, आणि आपण दोन्ही महिन्यांत तेच दोन तास देतो!

ढगाळ हवा आली, वारं सुटलं तर आकडा खाली-वर होतो. हवामान खात्याच्या मेघदूत ॲपवर तापमान, पाऊस, वारा यांचा अंदाज मराठीत मिळतो, आणि कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो बघायची सवय लावा. शिकणारी मुलं घरात असतील तर एक रुंद टब अर्धा भरून उघड्यावर ठेवा, वर जाळी टाका म्हणजे कावळे पाणी पिणार नाहीत, आणि रोज सकाळी त्याच वेळी पट्टीने उतार मोजून लिहा. हवामान केंद्रावरचं बाष्पीभवन पात्र १२० सेंटिमीटर रुंद असतं आणि ईटीओ काढायला त्याच्या आकड्यालाही साधारण ०.७ ने गुणावं लागतं, घरचा छोटा टब जास्त तापतो म्हणून त्याचा आकडा जसाच्या तसा धरू नका. पण या आठवड्यात हवेची ओढ वाढली की कमी झाली हे टबावरून चांगलं कळतं.

चौथं काम: पिकाचं वय बघून गुणा

चार पानांची भेंडी आणि तोड्याला आलेली भेंडी सारखंच पाणी कसं पिणार? म्हणून ईटीओला पीक गुणांकाने गुणतात. भेंडीला सुरुवातीला साधारण ०.५, फुलं आणि तोडे चालू असताना १, शेवटाला ०.८ ते ०.९. काकडीला ०.६, १ आणि ०.७५. कलिंगडाला ०.४, १ आणि ०.७५. सुरुवातीचा टप्पा संपून फुलावर येईपर्यंत दर आठवड्याला हळूहळू वाढवत न्यायचं, एकदम उडी मारायची नाही.

पाणी कमीच असेल तर ते कुठल्या टप्प्याला वाचवायचं हेही इथेच ठरतं. भेंडीला फुलापासून तोड्यापर्यंत ताण देऊ नका, फूल गळतं आणि शेंग लवकर निबर होते. काकडीला फळ धरताना ताण पडला तर फळं वाकडी येतात, कडूही लागतात. कलिंगडाचं मात्र फळ पोसून झालं की पाणी कमी करायचं, शेवटच्या दिवसांत एकदम जास्त पाणी पडलं तर फळ तडकतं आणि गोडी उतरते.

पाचवं काम: गणित, जे पाठच होऊन जाईल

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे एक मिलिमीटर म्हणजे गुंठ्याला १०० लिटर. हे एवढं लक्षात ठेवलं की बाकी सगळं तोंडी होतं.

समजा १० गुंठे भेंडी, मार्च महिना, तोडा चालू. ईटीओ ५.५, गुणांक १, म्हणजे साडेपाच मिलिमीटर. ठिबकवर १० टक्के इकडेतिकडे जातं असं धरून ०.९ ने भागलं की ६.१ मिलिमीटर, म्हणजे गुंठ्याला ६१० लिटर, १० गुंठ्यांना ६,१०० लिटर रोज. हीच भेंडी जानेवारीत लहान असताना ४ गुणिले ०.५, म्हणजे २ मिलिमीटर, भागिले ०.९, गुंठ्याला साधारण २२० लिटर. जवळजवळ तिप्पट फरक आहे.

आता विहिरीकडे परत या. मार्चमध्ये रात्रीत ४,९०० लिटरच येत असेल तर ४,९०० भागिले ६१०, म्हणजे ८ गुंठे. एवढंच लावा. ८ गुंठे पोटभर भिजवलेली भेंडी अर्धा एकर तहानलेल्या भेंडीपेक्षा जास्त पैसे देते, आणि मजुरी, फवारणी निम्म्याहून कमी लागते ते वेगळंच.

पाटाने देणाऱ्यांनी ०.९ ऐवजी ०.६ ने भागा, पाणी लांब कच्च्या पाटातून येत असेल तर त्याहूनही कमी. म्हणजे तेवढ्याच पिकाला दीडपट पाणी. ठिबकचा फायदा इथेच दिसतो.

सहावं काम: ठिबक किती वेळ चालवायचं

भेंडी-काकडीला १६ एमएमची इनलाइन लॅटरल (आतच ड्रीपर बसवलेली ठिबकची नळी), ४० सेंटिमीटरवर ड्रीपर (थेंब सोडणारं तोंड), ताशी २ लिटरचा. दोन लॅटरलमध्ये १.२ मीटर अंतर ठेवून गादीवाफ्यावर दोन्ही बाजूंनी भेंडीची ओळ घेतली की एका लॅटरलवर दोन ओळी भागतात.

तासाला किती मिलिमीटर पडतं ते असं काढा: २ लिटर भागिले १.२, परत भागिले ०.४, उत्तर ४.१७ मिलिमीटर. वरच्या उदाहरणात ६.१ मिलिमीटर हवं होतं, म्हणजे साधारण ८८ मिनिटं, दीड तास धरा. जानेवारीतल्या २.२ मिलिमीटरला अर्धा तास बास. १० गुंठ्यांत अशी साधारण ८४० मीटर लॅटरल बसते, २,१०० ड्रीपर येतात, तासाला ४,२०० लिटर लागतं. ड्रमच्या टेस्टमध्ये मोटार ३,००० लिटरच देत असेल तर व्हॉल्व्ह टाकून दोन भाग करा आणि एकेक भाग चालवा, नाहीतर शेवटच्या लॅटरलला प्रेशरच मिळणार नाही.

सकाळी लवकर द्या. चिकण मातीत रोज थोडं किंवा एक दिवसाआड दोन दिवसांचं मिळून दिलं तरी चालतं, मुरमाड माळावर मात्र रोजच, आणि जमलं तर दोन हप्त्यांत.

अनुदानाचं थोडक्यात सांगते. "प्रति थेंब अधिक पीक" योजनेत अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, बाकीच्यांना ४५ टक्के, आणि राज्याच्या पूरक अनुदानाने ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा. पूर्वसंमती हातात येण्याआधी साहित्य विकत घेऊ नका, आणि चालू वर्षाचे नियम तालुका कृषी कार्यालयात एकदा विचारून घ्या.

सातवं काम: डबे लावून तपासा

ठिबक बसवलं म्हणजे झाड सारखं भिजतं असं बिलकुल नाही. यासाठी एक सोपी परीक्षा आहे, मी प्रत्येक प्लॉटवर करायला लावते. दह्याचे, श्रीखंडाचे रिकामे डबे १६ गोळा करा. चार लॅटरल निवडा, पहिली, शेवटची आणि मधल्या दोन. प्रत्येक लॅटरलवर सुरुवातीला, एक तृतीयांशावर, दोन तृतीयांशावर आणि टोकाला असे ड्रीपरखाली डबे ठेवा, थोडा खड्डा करून बसवा म्हणजे पाइप वर उचलावा लागत नाही. दहा मिनिटं चालवा, प्रत्येक डब्यातलं पाणी औषधाच्या मापाने मोजा. २ लिटरच्या ड्रीपरला दहा मिनिटांत ३३० मिलिलिटर यायला हवं.

सगळ्या १६ ची सरासरी काढा. मग सगळ्यात कमी भरलेल्या चार डब्यांची वेगळी सरासरी काढा. कमीवाल्यांची सरासरी भागिले सगळ्यांची सरासरी, गुणिले १००. ९० च्या वर आलं तर उत्तम, ८० ते ९० चांगलं, ८० च्या खाली गेलं तर कुठेतरी बिघाड आहे. टोकाच्या सगळ्या डब्यांत कमी असेल तर प्रेशरचा प्रश्न, लॅटरल जास्त लांब झालीय किंवा फिल्टर तुंबलाय. मधेच एखादा डबा कोरडा असेल तर तो ड्रीपर चोकअप. दोन्हीचे इलाज वेगळे आहेत, म्हणून आधी डबे लावायचे आणि मग मेकॅनिकला बोलवायचं.

निगा, जी कोणी करत नाही

विहिरीचं पाणी असेल तर जाळीचा किंवा डिस्क फिल्टर पुरतो, ओढ्याचं किंवा शेततळ्याचं शेवाळाचं पाणी असेल तर त्याच्या आधी वाळूचा फिल्टर पाहिजेच, तिथे पैसे वाचवू नका. फिल्टरच्या आधी आणि नंतर प्रेशर गेज बसवा, दोन्हीतला फरक अर्ध्या किलोकडे (प्रति चौरस सेंटिमीटर) गेला की फिल्टर धुवा. आठवड्याला लॅटरलच्या एंड कॅप एकेक करून उघडा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या, पहिल्यांदा जो काळा गाळ बाहेर येतो तो बघितला की पुन्हा कोणाला सांगावं लागत नाही.

ड्रीपरवर पांढरे क्षार बसले तर हायड्रोक्लोरिक ॲसिडने पाण्याचा सामू (पीएच) ४ च्या आसपास आणून ते पाइपात भरून ठेवतात आणि नंतर सगळं फ्लश करतात. शेवाळाला क्लोरीन. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, हातमोजे आणि चष्मा घालायचा, आणि ॲसिड-क्लोरीन एकत्र तर चुकूनही करायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. पहिल्यांदा करताना माहीतगार माणूस सोबत घ्या.

खत ठिबकमधून देताना आधी १५-२० मिनिटं साधं पाणी, मग खत, आणि शेवटी परत साधं पाणी, म्हणजे पाइपात खत राहत नाही. कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० हे स्फुरदाचं खत एका टाकीत मिसळू नका, पांढरा साका होतो आणि ड्रीपर बसतात. एकदम भरपूर देण्यापेक्षा आठवड्याला दोनदा थोडं थोडं बरं.

वाफ्यावर सडका पेंढा बोटभर नाही तर चांगला ५-६ सेंटिमीटर पसरा. गुरांना चालणारा चांगला पेंढा नको, पावसात भिजून काळा पडलेला असतो तो घ्या. मातीतून थेट उडणारं पाणी थांबतं, तणही कमी. कलिंगडाला चंदेरी-काळा मल्चिंग पेपर परवडतो.

खाडीकाठच्यांसाठी वेगळं

भिवंडीचा खाडीकडचा भाग, दिवा, घणसोली-ऐरोलीकडे जी थोडीफार शेती आणि बागा उरल्यात तिथे बोअरचं आणि विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खारं होत जातं. पाणी तपासून त्याचा ईसी बघा, म्हणजे पाण्यात मीठ किती आहे ते दाखवणारा आकडा (डेसीसायमन प्रति मीटरमध्ये). ०.७ च्या खाली असेल तर बिनधास्त, ०.७ ते ३ मध्ये पीक बघून वापरायचं, ३ च्या वर गेलं तर भाजीपाल्याचा नाद सोडा. घेवडा-श्रावणघेवडा तर १ च्या आसपासच कुरकुर करतो. खाऱ्या पाण्यावर ठिबक चालवलं की ओल जिथे संपते त्या कडेला मिठाचं पांढरं कडं तयार होतं, आणि अवकाळीचा हलका शिडकावा झाला की ते मीठ विरघळून मुळांकडे येतं, झाड दोन दिवसांत करपतं आणि लोक म्हणतात पावसाने मारलं. म्हणून असा हलका पाऊस येत असेल तर मोटार बंद करू नका, ठिबक चालूच ठेवा म्हणजे मीठ मुळांपासून लांब राहील.

कालव्यावर उन्हाळी भात असेल तर

भाताला सतत पाणी उभं लागतं ही समजूत आहे. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आलटून-पालटून ओलं-कोरडं ठेवायची पद्धत रुजवली, त्यात ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचतं. १० ते १५ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब प्लास्टिक पाइप घ्या, खालच्या निम्म्या भागाला भोकं पाडा, निम्मा जमिनीत ठोका आणि आतली माती काढून टाका. पाइपात डोकावलं की जमिनीखालचं पाणी दिसतं. पातळी जमिनीच्या खाली १५ सेंटिमीटर गेली की ५ सेंटिमीटर पाणी भरायचं, तोवर नाही. लावणीनंतर दोन आठवड्यांनी सुरू करा, आणि फुलोऱ्याच्या आठवडाभर आधीपासून आठवडाभर नंतरपर्यंत मात्र पाणी उभं ठेवा, तिथे कंजुषी केली तर पळिंज (पोकळ दाणे) जास्त येतं.

शेवटचं काम: स्वतःच्या शेतात प्रयोग

वर दिलेले गुणांक ही सुरुवात आहे, तुमच्या मातीला बरोबर आकडा तुमचं शेतच देईल. भेंडीच्या १२ ओळी घ्या, इथे ओळ म्हणजे एक लॅटरल आणि तिच्या दोन्ही बाजूंची भेंडी. हिशोबाने आलेल्या पाण्याच्या १०० टक्के, ८० टक्के आणि ६० टक्के असे तीन प्रकार करा आणि प्रत्येक प्रकार चार ओळींना द्या. प्रत्येक ओळीला छोटा कॉक बसवला की वेळेवरून पाणी कमी-जास्त करता येतं. कुठल्या ओळीला कुठला प्रकार हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, स्वतः ठरवू नका. एका बाजूला उतार असतो, एका बाजूला शेणखत जास्त पडलेलं असतं, एखाद्या बांधाला झाडाची सावली असते, आणि आपण नकळत चांगली जागा लाडक्या प्रकाराला देऊन बसतो. चिठ्ठ्या टाकायचा हा नियम रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात घालून दिला, तेही रॉथमस्टेडलाच, पेनमन यांच्या कितीतरी आधी. आजही कृषी विद्यापीठाचा कुठलाही प्लॉट असाच मांडतात. कडेच्या ओळी आणि टोकाची झाडं वजनात धरू नका, त्यांना ऊन-वारा वेगळा मिळतो.

वहीत चार रकाने पाडा: तारीख, मोटार किती मिनिटं चालली, तोडा किती किलो, भाव काय मिळाला. हंगाम संपल्यावर किलोला घनमीटरने भागा. समजा १० गुंठ्यांत १,००० किलो भेंडी निघाली आणि पाणी चार लाख लिटर, म्हणजे ४०० घनमीटर लागलं, तर घनमीटरला अडीच किलो. ८० टक्केवाल्या ओळींचं उत्पादन १०० टक्केवाल्यांच्या जवळपास आलं तर पुढच्या वर्षी ८० वरच चाला, वाचलेल्या पाण्यावर अजून दोन गुंठे वाढतात. ६० वर उत्पादन घसरलं असेल तर किती घसरलं तेही लिहून ठेवा, कारण एखाद्या वर्षी विहीर लवकर आटली तर किती नुकसान सोसावं लागेल याचा अंदाज त्याच आकड्यावरून येतो. आणि वही फेकू नका, भात पेरणीच्या गडबडीत ती हरवते, घरात वर फळीवर ठेवा, डिसेंबरात विहीर मोजायच्या दिवशी ती लागणार आहे.